सरूबाईचा खोडलेला शब्द

पवनानगरात धरणाच्या काठाला माझी चहाची टपरी हाय. ताजुन्निसा म्हंजी मीच. सरूबाई कातकरीण तीस वर्सं माझ्या शेजारी मासे विकती. पयल्यांदा ती लेकीशी कातकरीत बोलाया लागली की मी हसायची, "काय गं कलकलाट लावलाय!" आता आठवलं की माझी मलाच लाज वाटती. साळंतबी पोरं लेकीला चिडवायची. शेवटी सरूबाईनं घरात ती भाषाच बंद केली.

मग पुण्याची मंडळी आली. सारिका मॅडम म्हनल्या, "तुमची भाषा मरायला टेकलीय. आम्ही ती शिकतोय, मोबाईलवर शब्दकोश करतोय." सरूबाई लय हरखली. लेकीला न्हाई दिली, निदान नात चंपा तरी मोबाईलवर आपली भाषा शिकंल, येवढीच तिची आशा. दोन-तीन वर्सं मासे तसंच ठिवून दुपारपतुर शब्द सांगत बसायची.

अंडी भरलेली मासळी जाळ्यात आली की सरूबाई ती परत पाण्यात सोडायची, आन सोडताना येक शब्द म्हनायची. तिच्या आईचा शब्द. तो बी तिनं दिला. कोशात खाली तिचं नाव आलं. आठ दिवस म्हातारीचं पाय जमिनीवर नव्हतं.

दोन महिन्यांनी चंपा मोबाईल घिऊन टपरीवर आली. शब्द खोडला होता! खाली लिवलेलं, 'संदर्भ नाही. बोलणारीची चूक असावी.' खोडणारा कोन, तर त्याच कोशावर दोन वर्सं भाषा शिकलेला पुण्याचा गडी. या अल्ला! गुरूची विद्या गुरूला, ती बी चुकीची ठरवून!

मी तवाच सारिका मॅडमला फोन लावला. "अवो, ती बाई हितं जिती बसलीय, आनखी कसला संदर्भ?"

"मावशी, नियम आहे. छापील पुरावा लागतो."

छापनार कोन, तुमचा बाप? तोंडाशी आलंतं, गिळलं.

चंपा आजीकडं बघून म्हनली, "आजी, मग तूच चुकीचं बोलत आसशील." सरूबाईनं मासे झाकले आन घरी गेली.

काल तिच्या पाटीत अंडी भरलेली मासळी वळवळत होती. मी म्हनलं, "सोड की गं तिला. आन तुझा शब्द म्हन, मी ऐकते."

ती मासळी घिऊन पाण्यापतुर गेली. व्हट हलले. मग माज्याकडं वळली, आन भ्याल्यावानी मराठीत इचारलं, "चुकलं तर?"