पारोळ्याच्या रस्त्यावर थांबलेली जीप

जळगावातला मे महिना. बारावीची परीक्षा संपली होती आणि टेबलावर दोन फॉर्म पडून होते… एक बी.एस्सी.चा, दुसरा धुळ्याच्या मेकॅनिकल डिप्लोमाचा. साल १९८८ असावं.

गाड्यांचं वेड मला शाळेपासूनचं. कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी सिस्टर नखं तपासायच्या आणि माझ्या नखांत हमखास ग्रीस सापडायचं. गल्लीत शिरलेली गाडी फियाट की अँबॅसिडर, हे मी घरात बसून आवाजावरून सांगायचे.

पण आवडतं म्हणून तेच काम जन्मभर करायचं का? रोज केलं तर आवड तरी उरेल का?… बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तुझं तू ठरव. उद्या माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

कोपऱ्यावर नानांचं गॅरेज होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "महिनाभर ये. पण कामाला ये, गंमत बघायला नको."

तीन आठवडे मी रॉकेलमध्ये पार्ट धुतले, प्लग साफ केले. सगळंच आवडत होतं… आणि म्हणूनच काही ठरत नव्हतं. सुट्टीत मामाच्या गावाला गेल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात पेट्रोलची गाडी चालता चालता बंद पडते. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा एक छोटा पंप असतो, त्यातल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होते. मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळतो, पाच मिनिटं थांबतो आणि निघतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की मे महिन्यात गाडी थांबली तर दुसरं कारण कोणी शोधतच नसे.

एका सकाळी मूळच्या धरणगावकडच्या एक अक्का जीप घेऊन आल्या. मुलाचा साखरपुडा त्याच दिवशी धुळ्याला, गाडी मध्येच गचके खात होती. नाना सामान आणायला गेले होते. मी ऐटीत बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं बांधलं, एक चक्कर मारून आणली. गाडी छान चालली.

"उन्हाचं आहे, अक्का. फडकं ओलं ठेवा आणि बिनधास्त जा."

दुपारी बाराला एरंडोलच्या एका दुकानातून फोन आला. जीप पारोळ्याच्या रस्त्यावर बंद पडली होती… फडकं तीनदा ओलं करूनही चालू होत नव्हती.

नानांनी मला समोर उभं केलं. "पंपाखाली हात फिरवला होतास? पेट्रोल गळतंय का बघितलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सकाळी नऊला कुठलं ऊन गं?"

पंपाच्या आतला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा फाटला असणार, हे त्यांना फोनवर ऐकूनच कळलं. मला रडू फुटलं. उद्यापासून येत नाही, असं काहीतरी मी म्हणाले. ते त्यांनी ऐकलंच नाही. कापडी पिशवीत दुसरा पंप आणि दोन पाने टाकले.

"तुझा हात लागलाय, तूच जा. या गॅरेजात असंच चालतं."

एसटीच्या कंडक्टरने मला भर उन्हात जीपशेजारी उतरवलं. लिंबाच्या झाडाखाली पाच-सहा माणसं बसलेली. नवरा मुलगा नव्या सफारी सूटमध्ये घामाने भिजला होता.

"काय ताई, अजून एक फडकं आणलंत का?" त्याने विचारलं. सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. नानांऐवजी मलाच बघून त्या वैतागल्या.

"अय माय, हाईच पोर! नानाले येवाले काय व्हयनं?"

मी खाली मान घालून बॉनेट उघडलं. दोन बोल्ट, जुना पंप निघाला… आणि त्याच्या नि इंजिनाच्या मधलं कागदी पॅकिंग फाटून हातात आलं. नवीन पॅकिंग मी मागून घेतलं नव्हतं. जाड कागद मिळाला तर कापून करता येतं, पण त्या रस्त्यावर कागद कुठला?

मी चाचरत अक्कांना सांगितलं. त्या उठल्या. मग जीपमधून सुनेच्या साडीचं खोकं काढलं, झाकण फाडून माझ्या हातात दिलं.

"ले. आते नीट कर."

झाकण इंजिनावर दाबून, अंगठ्याने कडा उमटवून मी पॅकिंग कापलं. पंप बसवला, त्याची छोटी दांडी खालीवर करून पेट्रोल वर आणलं, खाली दोनदा हात फिरवला. हात कोरडा होता. जीप सुरू झाली. तरी मी बाजूला झाले नाही. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून वाकून बघत राहिले.

गंमत अशी, की त्या अर्ध्या तासात मला जीप दिसतच नव्हती. तिकडे धुळ्यात वाट बघत बसलेली मुलगी दिसत होती. तिला वाटेल का, की हे लोक येतच नाहीत?… एवढंच डोक्यात होतं. आवड उरेल की नाही, हा प्रश्न तेव्हा सुचलाही नाही.

पिशवी उचलून निघाले, तर अक्कांनी हाक मारली. "कोठे चालनी? बठ गाडीमा. जेवाले चाल."

धुळ्यात पाहुण्यांच्या पंगतीत मी काळ्या हातांनी जेवले. सुनेची साडी नुसती तबकात ठेवली होती. खोकं का नाही, हे कोणी विचारलं नाही आणि अक्कांनीही सांगितलं नाही.

घरी आल्यावर डिप्लोमाचा फॉर्म भरला. पुढे धुळ्यातच माझं गॅरेज झालं, बरीच वर्षं चाललं. कंटाळाही आला कधी कधी, नाही असं नाही… पण दुरुस्त केलेली गाडी दहा मिनिटं चालू ठेवून बघितल्याशिवाय एकदाही बाहेर सोडली नाही.

नाना आता नाहीत. त्या दुपारी ते स्वतः गेले असते तर जीप अर्ध्या वेळात सुरू झाली असती… आणि मी बहुतेक बी.एस्सी. झाले असते. त्यांनी मला पाठवलं. त्याचे आभार त्यांच्यासमोर मानायचे राहून गेले, म्हणून आज इथे.