चिंगीचा पेढा

आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून तिसरीचं नाव आईबापानं दगडाबाई ठेवलं. दगडासारखी टिकावी, एवढीच इच्छा. ती टिकली, पण मन काही दगडाचं झालं नाही. नाहीतर पुढचं रामायण घडलंच नसतं.

बिडकीनच्या माळावर मेंढरांमागं तिचं बालपण गेलं. लग्न होऊन मुकुंदवाडीत आली आणि नवरा वारल्यावर शहराबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रयकेंद्रात कामाला लागली. लोकांनी चोरून पाळलेली, मग सोडवून आणलेली जनावरं तिथं ठेवतात. तिच्या वाट्याला मार्मोसेट आली. परदेशी माकडं, मूठभर अंगाची, कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके. त्यातली चिंगी पहिल्याच आठवड्यात तिच्या पदरात शिरली आणि तिचीच होऊन बसली.

आता माकड म्हटलं की ते मारुतीचं, यात दगडाबाईला विचारायचं ते काय? दर शनिवारी कामावर येताना ती मारुतीला जायची, प्रसादाचे पेढे घ्यायची आणि स्वतःच्या तोंडात कण टाकायच्या आधी चिंगीला भरवायची. देवाच्या घरच्याला सोडून आपण कसं खायचं? मग पुढं शनिवारचं रोजचं झालं. कधी गुळाचा खडा, कधी केळं. चिंगी गुटगुटीत झाली तसा हिचा जीव सुपाएवढा झाला.

केंद्राच्या डॉक्टर तनुजा यांना मात्र ते बाळसं पटेना. चिंगीची पाण्याची बाटली दुपारीच रिकामी व्हायला लागली होती. त्यांनी तिला तराजूवर बसवलं तर पाचशे साठ ग्रॅम, जे साडेचारशेच्या वर जायलाच नको. सकाळी पिंजऱ्याखाली ताटली धरून लघवी घेतली, त्यात तपासणीची पट्टी बुडवली, आणि पट्टी तपकिरी झाली.

"चिंगीला शुगर झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "वजन उतरलं नाही तर ही वर्ष काढणार नाही. खाणं तर मोजून जातं. मग कडूबा, तुमचं माप चुकतंय का?"

खाणं कापून-मोजून देणारा कडूबा म्हातारा माणूस. त्यानं मान खाली घातली. दगडाबाई गप्प राहिली असती तर निभावलंही असतं. पण तिला राहवलं नाही.

"त्यांचा काय दोष नाय, म्याडम. म्याच चारीत व्हते. पेढा, गूळ, समदं. काढायचं तर मला काढा, पर हिला वाचवा."

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. "कुणी काढत नाही तुम्हाला, मावशी. पण गोड आजपासून बंद. जंगलात ही माकडं झाडाची साल कुरतडून डिंक खातात."

"डिंक? मंग बाभळीचा चालंल का? मेंढरं राखताना तोच तर खाल्लाय आमी."

"चालेल काय, पळेल."

बिडकीनहून तिचा भाऊ बिरू फडक्यात बांधून डिंक घेऊन आला. दगडाबाईनं बाभळीच्या फांदीला भोकं पाडून घेतली आणि भिजवलेला डिंक त्यात भरला. चिंगीला तो नखांनी, दातांनी कोरून काढावा लागे. बसल्या जागी काही मिळेना. पहिल्या शनिवारी ती पदरात शिरून पेढा शोधत राहिली आणि चिरक्या आवाजात मागत राहिली. दगडाबाई तोंड फिरवून रडली, पण दिला नाही.

चार महिन्यांनी चिंगी साडेचारशे ग्रॅमवर आली. ताटलीत बुडवलेली पट्टी या वेळी तपकिरी झाली नाही, साखर गेली होती. कडूबानं ती पट्टी दोनदा उजेडात धरून पाहिली. दगडाबाईनं डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. तिची चूक कुणी अशी पोटात घालून वर तिलाच उपचाराच्या कामाला लावेल, असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

त्या शनिवारी तिनं मारुतीपुढं डिंकाचा खडा ठेवला.

"हे काय आणलं?" पुजाऱ्यानं विचारलं.

"त्याच्या लेकीचं खानं हाय. देवाला म्हनावं, जगली बरं का तुजी लेक."

पुजाऱ्यानं नेहमीसारखा पेढा तिच्या हातावर ठेवला. दगडाबाई पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच तो सगळा एकटीनं खाल्ला.