गेलन ब्रिक्सियसच्या माथी लिहिलेली धाव

सेंट लिओबा गावात दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊच्या ठोक्याला, ईव्हलिनच्या कॅफेत भांडण व्हायचं. ते ऐकायला लोक गाईंचं दूध काढून, हातपाय धुऊन, वेळेआधी जागा पकडायचे. विषय ठरलेला होता. आसपासच्या सहा गावांच्या बेसबॉल लीगमध्ये यंदाचा सगळ्यात चांगला पिचर कोण? पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. बाकीचे आठ जण मैदानात उभे असतात ते त्याची मेहनत मातीत घालायला, असं सेंट लिओबातल्या लोकांचं अनुभवाचं मत होतं. बक्षीस म्हणून जुन्या डेअरीतली एक तांब्याची किटली मिळायची. दुधाला ती कधीच निकामी झाली होती, पण तिच्यासाठी मोठमोठे बाप्ये लहान पोरांसारखे रुसलेले गावाने पाहिले होते.

भांडायचा हक्क दोघांनाच होता. एक डेलमार किम्पेल, ट्रॅक्टर विकणारा. आवाज असा की फोन नसता तरी त्याचा धंदा चालला असता. दुसरी लुसिंडा पोल, शाळेत गणित शिकवणारी. दोघांचं एकमत झालं तर किटली त्या पिचरची. नऊ वर्षांत ते एकदाच झालं होतं, तेही डेलमारचा घसा बसला होता म्हणून. एरवी मत द्यायची ती वही. वही सांगेल त्याची किटली, त्यावर अपील नाही.

ही वही आर्डेल फुक्सची. आर्डेल एकाहत्तर वर्षांची, पोस्टातून निवृत्त झालेली. एकेचाळीस वर्षं दर रविवारी ती जाळीमागे त्याच खुर्चीत बसून सामन्यातला प्रत्येक चेंडू पेन्सिलीने लिहीत आली होती. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला की ती त्याची चूक होती की फलंदाजाचा फटकाच चांगला होता, हे ठरवायचं आर्डेलने. चूक लिहिली तर त्यातून आलेली धाव पिचरच्या माथी बसत नाही. फटका लिहिला तर बसते. नऊ डावांमागे माथी बसलेल्या धावांची सरासरी जितकी कमी, तितका पिचर मोठा. एवढ्या एका सरासरीवर किटली ठरायची. तिने आपल्या सख्ख्या भावाच्या नावावर एका सामन्यात चार चुका लिहिल्या होत्या आणि तो दोन नाताळ जेवायला आला नव्हता.

त्या मंगळवारी ती वही मांडीवर घेऊन बसली होती. समोरच्या कॅरमल रोलला तिने हात लावला नव्हता.

"दहा जिंकले, एक हरला!" डेलमारने टेबलावर हात आपटला. "ब्रॉडी हँक. रॉसवाल्डचा. दहा! आणि तुझा गेलन? चार जिंकले, आठ हरला. अगं, आठ सामने हरलेल्याला किटली दिली तर शेजारची गावं आपल्याला हसतील."

"सामना पिचर एकटा हरतो का रे?" लुसिंडाने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. डेलमारने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गेलनच्या बारा सामन्यांत आपल्या पोरांनी किती धावा केल्या, माहितीये? सतरा. ब्रॉडीला एकेका रविवारी आठ-आठ धावांची उशी मिळते. तो झोपून चेंडू टाकेल."

"टाकू दे की झोपून! जिंकतोय ना?"

"आणि आपल्या पोरांनी गेलनमागे चुका किती केल्या? एकोणीस."

"त्यातल्या सात माझ्या जावयाच्या," मागून कोणीतरी म्हणालं, आणि कॅफे हसला. आर्डेल हसली नाही. तिला माहीत होतं, चुका एकोणीस नव्हत्या. वीस होत्या.

गेलन ब्रिक्सियस एकेचाळीस वर्षांचा होता आणि बावीस हंगाम सेंट लिओबासाठी चेंडू टाकत होता. हा शेवटचा. खांदा गेला होता. पहाटे साडेचारला उठून साठ गाई दोहायच्या, चर्चला जायचं, मग मैदानावर. कपडे बदलले तरी गोठ्याचा वास त्याच्याबरोबर यायचा आणि कोणी नाक मुरडत नसे, कारण निम्म्या गावाला तोच वास होता. त्याचा चेंडू आता संथ झाला होता, पण तो जिथे म्हणेल तिथे पडायचा. गुडघ्याच्या उंचीवर, कोपऱ्यात, फलंदाजाला मारावासा वाटेल आणि मारल्यावर पस्तावा होईल अशा जागी. लिहिता लिहिता आर्डेलची पेन्सिल कित्येकदा थांबायची. एवढ्या वर्षांत तिने जोरात चेंडू टाकणारे खूप पाहिले होते, पण चेंडूला असं आपलं ऐकायला लावणारा दुसरा पाहिला नव्हता. मागच्या पोराच्या हातून सोपा झेल सुटला तरी गेलन त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा नाही. हातमोजा पुढे करायचा, चेंडू परत घ्यायचा आणि पुढचा टाकायचा. तिला ते बघून दर वेळी अचंबा वाटायचा. पोस्टाच्या खिडकीत तिने आयुष्यभर माणसं पाहिली होती, एका पाकिटासाठी तिच्यावर ओरडलेली. किटली मात्र गेलनला एकदाही मिळाली नव्हती.

यंदा मिळायला हवी होती. आणि आर्डेलच्या एका खुणेमुळे ती जाणार होती.

जूनमध्ये तिचा नवरा लिअँडर गेला. गुरुवारी गेला, शनिवारी चर्चमागच्या स्मशानभूमीत त्याला पुरलं, आणि रविवारी रॉसवाल्डशी सामना होता. मुलगा कर्ट, छत्तीस वर्षांचा, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळायचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. "नको खेळूस रे," सगळे म्हणाले. "घरी बसून काय करू?" कर्ट म्हणाला. मग आर्डेलही वही घेऊन आली. तिलाही घरी बसून काय करायचं होतं?

सातव्या डावात दोन गडी बाद, तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, एक जण उभा, दोन्हीकडे शून्य. चेंडू कर्टकडे सरपटत गेला. साधा, सरळ. शाळकरी मुलीने अडवला असता. तो कर्टच्या दोन पायांमधून मागे गेला आणि तिसऱ्या बेसवरचा धाव काढून गेला. कर्ट वळला नाही. तसाच वाकलेला राहिला, हात गुडघ्यांवर, आणि त्याचे खांदे हलत होते.

आर्डेलने पेन्सिल टेकवली. चूक लिहायची होती. काल ज्याने बापाच्या पेटीवर माती टाकली, त्याच्या नावापुढे चूक. तिचा हात झाला नाही. तिने फटका लिहिला. धाव गेलनच्या माथी बसली, आणि सामना एक-शून्यने गेला.

जाळीमागून आपल्याशिवाय हे कोणी नीट पाहिलं नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

कॅफेत अकरा वाजले. डेलमार लाल झाला होता, लुसिंडाचा लॅपटॉप थकून बंद पडला होता. ईव्हलिन कॉफीचं भांडं घेऊन मधे उभी राहिली. "झालं का तुमचं? लोकांना कामं आहेत."

"नाही जमत," डेलमार म्हणाला. "वही काढ, आर्डेल."

आर्डेलने वही उघडली. ती वाचू लागली. "ब्रॉडी हँक. अठ्ठ्याऐंशी डाव, माथी बारा धावा. सरासरी एक पूर्णांक तेवीस. गेलन ब्रिक्सियस. शहाण्णव डाव, चौदा धावा. एक पूर्णांक एकतीस."

"ब्रॉडी!" डेलमारने हात वर केले. पण ओरडला नाही. आर्डेलला ते विचित्र वाटलं. लुसिंडा खिडकीबाहेर बघत होती.

"थांबा," आर्डेल म्हणाली. "गेलनच्या तेराच आहेत." तिने वही उलटी करून टेबलावर सरकवली आणि जूनच्या त्या पानावर बोट ठेवलं. "ही मी खोटी लिहिली. ती कर्टची चूक होती. त्याच्या पायांमधून गेला चेंडू. मी फटका लिहिला. मुलगा होता म्हणून लिहिला. तेरा धावा, एक पूर्णांक बावीस. किटली गेलनची. आणि वही आता दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला ठेवायचा हक्क नाही."

ईव्हलिनने भांडं खाली ठेवलं. मग डेलमारने, त्या दिवशी पहिल्यांदा, हळू आवाजात तोंड उघडलं.

"आर्डेल, आम्ही दोनशे जण होतो गं तिथे. सगळ्यांनी पाहिलं."

"काय?"

"सगळ्यांनी. रॉसवाल्डच्या लोकांनीसुद्धा. आणि तू काय लिहिलंस ते सोमवारच्या पेपरात सगळ्यांनी वाचलं."

"मग तीन महिने... आणि आज इथे बसून..." ती त्या तोंडांकडे बघत राहिली. ही माणसं शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब वीतभर सरकला तरी वर्षभर चर्चा करणारी. रोज पोस्टात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर भेटलेली. एकानेही शब्द काढला नव्हता.

"गेलन येऊन गेला होता," लुसिंडा म्हणाली. "त्याच सोमवारी माझ्या घरी आला. मी पत्र लिहायला बसले होते तुम्हाला. म्हणाला, त्या ओळीला कोणी हात लावायचा नाही. डेलमारकडेही गेला, इथे कॅफेतही सांगून गेला. मी म्हटलं, अरे, यावर तुझी किटली जाईल. तर म्हणाला, जाऊ दे."

"मला म्हणाला, तू ब्रॉडीसाठीच भांड," डेलमार म्हणाला. "ते मी तसंही भांडलोच असतो. पण एवढं वाईट वाटत भांडलो नसतो." त्याने खिशातून खोडरबर काढलं आणि वहीवर ठेवलं. "घे. आणि वही दुसऱ्याला द्यायची भाषा करू नकोस. इथे कोणाचं अक्षर बघण्यासारखं आहे?"

तिने खोडलं. कागद थोडा झिजला. वर चूक लिहिली, कर्टच्या नावाने.

दुपारी किटली शेजारच्या सीटवर ठेवून ती गेलनच्या शेतावर गेली. तो गोठ्याच्या दाराशी एका वासराला बाटलीने दूध पाजत होता. तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता, जणू त्याचंच काही चुकलं होतं.

"खोडलंत?" तो म्हणाला.

"खोडलं."

"परत लिहा, आर्डेल. ती धाव माझीच आहे."

"वेड लागलंय का तुला? साधा चेंडू होता तो. कर्टचा होता."

"त्याच्याकडे मीच धाडला होता." गेलनने वासराच्या तोंडातून बाटली सोडवली. "सहा डाव झाले, त्याच्याकडे एकही चेंडू गेला नव्हता. बाकावर माझ्या शेजारी बसला की हात थरथरायचे त्याचे. मैदानात उभा राहायचा तर तोंड कुंपणापलीकडे, स्मशानभूमीकडे. म्हटलं, पोराला एक चेंडू मिळायला हवा. सोपा. अडवला, फेकला, गडी बाद झाला की माणूस जरा जमिनीवर येतो. म्हणून त्या फलंदाजाला मी आत टाकला, अंगालगत, गुडघ्याखाली. तिथून तो कर्टकडेच जाणार, दुसरीकडे जाऊच शकत नाही. पण दोन बाद, एक जण तिसऱ्यावर, अशा वेळी ते करायचं नव्हतं. घाई झाली माझी. त्याला अजून नीट दिसतही नव्हतं."

एकेचाळीस वर्षांचे नियम आर्डेलला पाठ होते आणि त्यातला एकही तिच्या मदतीला येईना.

"पिचरच्या मनात काय होतं त्याला वहीत रकाना नाही," ती शेवटी म्हणाली, आणि आवाज कडक ठेवायला तिला फार कष्ट पडले. "चूक ती चूक. किटली घे मुकाट्याने."

"कर्टला माहितीये?"

"सकाळी फोन केला मी त्याला. म्हणाला, आई, तेव्हाच लिहायची होतीस."

"मग ठीक," गेलन म्हणाला. हात विजारीला पुसले आणि किटली घेतली. आत वाकून बघितलं, आत काही असेल अशा आशेने बघावं तसं. मग त्याला हसू आलं आणि डोळेही भरले, आणि तो वासराकडे वळला.

गाडीत बसून आर्डेलने किल्ली लावली पण फिरवली नाही. त्या रविवारी ती जाळीमागे होती, डोळे उघडे होते, चेंडू त्याच्या हातातून सुटताना तिने पाहिला होता. लिअँडरच्या मागे उरलेल्या तिच्या मुलाला कोणीतरी साठ फुटांवरून सावरू बघत होतं, भर सामन्यात, किटली पणाला लावून. आणि तिने ते आधी फटका म्हणून लिहिलं, मग चूक म्हणून. दोन्ही वेळा खोटं लिहिलं होतं.