डावीकडची गादी

आमच्या मैदानावरच्या स्टोअरकीपरना सगळे करवतकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं कौतुकच वाटायचं. बांबूउडीचे बांबू आता बांबूचे राहिलेले नाहीत, फायबरचे असतात, आणि फायबर मोठं फसवं. वरून चकचकीत आणि मध्येच कुठेतरी केसाएवढी चीर. काका दर सोमवारी सगळे बांबू बाकांवर आडवे मांडायचे आणि कापसाचा बोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. कापसाचा एक तंतू जरी अडकला, तरी तो बांबू बाद. बाद म्हणजे नुसता बाजूला ठेवायचा नाही. तिथल्या तिथे करवत काढून ते त्याचे दोन तुकडे करायचे. म्हणायचे, "कोपऱ्यात उभा ठेवला की कुणाला तरी दया येते. मग तो कुणाच्या तरी हातात मोडतो."

माझ्या एका लाडक्या बांबूवर त्यांनी अशी करवत चालवली तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. राग माझ्या नाकावर असतो, हे मैदानावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण मनातून मला तो माणूस पटला होता. मी इथे प्रशिक्षक झाले त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही पोराच्या हातात बांबू मोडला नाही, तो काकांमुळे. त्यामुळे ते एखाद्या वस्तूला 'ठणठणीत' म्हणाले की मी पुन्हा तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

यंदा माझी सगळी भिस्त नाकतोडीवर होती. हे नाव तिच्या थोरल्या भावानं पाडलेलं. नुसत्या तंगड्याच तंगड्या. तिला संघात जायचं होतं आणि त्यासाठी एकच निवड चाचणी होती. पण सहा महिन्यांपासून तिनं एक रडगाणं लावलं होतं.

"मॅडम, डावीकडे पडलं की पाठीला जमीन लागते."

"मग डावीकडे पडू नकोस."

आता दांडी ओलांडताना ती जराशी डावीकडे कलायची, हे खरं. पण त्यात चुकीचं काही नाही. गादी एवढी रुंद असते ती त्याचसाठी. हे मला चांगलं माहीत होतं. तरी रोजची तीच तक्रार ऐकून माझं डोकं फिरायचं. शेवटी एकदा काकांना बोलावलं. त्यांनी कडेला चपला काढल्या, गादीवर चढले, डावीकडे दोन्ही तळहातांनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले आणि स्टोअरकडे निघून गेले.

मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "ऐकलंस? गादीत काही खोट नाही. खोट तुझ्या हिमतीत आहे." त्या रात्री माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं: पडायला घाबरते, सबबी सांगते.

त्यानंतर ती धावत यायची आणि ऐनवेळी थांबायची. चाचणीला तीन दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. "आज तू मुद्दाम डावीकडे पडून दाखवायचंस," मी म्हटलं. "नाहीतर शनिवारी तुझ्याऐवजी दुसरी जाईल."

ती उडाली. दांडीवरून स्वच्छ गेली आणि डावीकडे पडली. धप्प आवाज आला, गादीवर पडल्याचा येतो तसा नाही. तोंड उघडं ठेवून ती तशीच पडून राहिली, श्वास काही केल्या आत जाईना. बऱ्याच वेळानं तो गेला, आणि मी म्हटलं, "ऊठ. परत."

हे दोन शब्द मी म्हटलेत. ते कुठे लपवू, मला अजून कळलेलं नाही.

तिनं मुकाट्यानं बांबू उचलला. तेवढ्यात स्टोअरच्या दारातून काका म्हणाले, "थांब, बाळ."

ते आले. गादीच्या खोळीची दोरी सोडून त्यांनी डावीकडची खोळ वर केली. आत घडी घातलेली जुनी रजई होती. ती त्यांनी ओढून काढली, तर खाली फोममध्ये एक लांबट, वाकडा खळगा. मला वाटलं, उंदरांनी कुरतडलं असेल. काकांनी सवयीनं चपला काढल्या, वर चढले आणि डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून, एक हात उशाला घेऊन त्यात आडवे झाले. चष्मा त्याच्या घरात बसावा तसे त्यात बसले. खांद्याच्या जागी खांदा, कमरेच्या जागी कंबर.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"रोज एक ते दोन," काका तसेच पडून, डोळे मिटून म्हणाले. "नऊ वर्षं झाली. दुपारी इथे भिंतीची सावली येते. घरी दोन खोल्या, त्यात नातवंडं, पाठ टेकायला जागा नाही. खळगा पडलाय हे कळलं तेव्हा आत रजई घातली. आणि त्या दिवशी मी वीतभर बाजूला दाबलं, मॅडम. खळग्यात हात घातलाच नाही." मग म्हणाले, "बांबू असता तर केव्हाच कापला असता. हा माझ्याच अंगाचा निघाला."

मी तोंडाचा पट्टा सोडायला हवा होता. सोडता येईना. मला लाज वाटत होती, आणि ती त्यांची नव्हती. सहा महिने मी त्या गादीपासून चार पावलांवर उभी होते, पण एकदाही हात लावून पाहिला नाही. ते खोटं बोलले एकदाच. मी ते रोज त्या पोरीच्या माथी मारत राहिले.

काकांनी सुरी आणून तो फोम स्वतःच्या हातानं आडवा कापला. कापताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. उंच उडीच्या गादीतला एक चांगला तुकडा आणून आम्ही तिथे बसवला. मी नाकतोडीला सॉरी म्हटलं. हळू आवाजात म्हटलं, हेही कबूल करते; ओरडताना मात्र माझा आवाज साऱ्या मैदानाला ऐकू जायचा. तिनं नुसती मान हलवली.

शनिवारी तिची निवड झाली. त्यात माझा हात नाही.

पण त्या दिवशी, नवा तुकडा बसवल्यावर, ती गादीवर चढली आणि गुडघ्यांवर बसून डाव्या कडेपासून दोन्ही हातांनी दाबत निघाली. वीत वीत करत अख्खी गादी. एका बाजूला काका उभे, दुसऱ्या बाजूला मी. 'ठणठणीत आहे, पोरी' एवढंच म्हणायचं होतं. दोघांपैकी एकालाही म्हणता आलं नाही. मग ती खाली उतरली, बांबू बाकांवर आडवा ठेवला आणि काकांपुढे हात केला.

"काका, कापूस."

तो बांबू त्यांनी सोमवारीच तपासला होता. त्यांनी खिशातून बोळा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.