वाणातला साबण

आमच्या पोलीस ठाण्यात एक महिला दक्षता समिती आहे आणि मी तिची सदस्य आहे. हे मला कळलं ते शिपाई शाल आणि नारळ घेऊन शाळेत आला तेव्हा. महिला दिनाआधी सहा बायका भरायच्या होत्या, पाच मिळाल्या होत्या. सहावी म्हणून जिल्हा परिषदेची मास्तरीण बरी, तिला माईक धरता येतो. समितीचं काम म्हणाल तर फोटोत उभं राहणं. श्रावणात आम्ही ठाण्यात जाऊन राख्या बांधतो. मोठ्या साहेबांना मी बांधली, तर म्हणाले, "ताई, कधीबी हाक मारा, भाऊ हजर." तो फोटो चौकटीत घालून ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागं लावलाय. मी त्यात दात काढून हसतेय. एवढं हसायला काय झालं होतं कोण जाणे.

संक्रांतीला तर ठाण्याच्या आवारातच हळदीकुंकू ठेवलं. खेड्यापाड्यातून बायका जीपा भरून आणल्या. वाण म्हणून कपडे धुवायच्या साबणाची एकेक वडी, कुण्या व्यापाऱ्यानं दिलेली, आणि कागदावर मदतीच्या फोनचा नंबर चिकटवलेला. काय डोकं म्हणावं. मला बोलण्यासाठी एक छापील पत्रक दिलं. पत्रक चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. बाईवर जबरदस्ती झाली तर तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, जबाब बाई पोलिसानं घ्यायचा, दवाखान्यात तपासणी फुकट, असं सगळं त्यात होतं. आणि मधेच एक ओळ होती : अंगावरचे कपडे धुऊ नका, अंघोळ करू नका, आहात तशा या. समोर हळदीकुंकवाचं ताट, शेजारी साहेब, पुढं नटूनथटून बसलेल्या बायका. म्हटलं, सणासुदीला हे कुठं बोलायचं. ती ओळ मी गाळली आणि तिच्या जागी 'मुलींना शिकवा' असं दोनदा सांगितलं. टाळ्या पडल्या.

पुढं महिन्याभरानं एका दुपारी एक बाई माझ्या दारात उभी. हातात साबणाचा कागद. म्हणाली, "बाई, ह्यो नंबर लागंना. तुम्ही त्या दिवशी बोलल्या होत्या म्हणून घर हुडकत आले." मागं तिची लेक, बीए झालेली, एकवीस-बावीस वर्षांची, केस अजून ओले. आदल्या संध्याकाळी शेतातून येताना गावातल्याच एका बड्या घरच्या माणसानं तिला गाठलं होतं आणि तिच्यावर बळजबरी केली होती. घरचे पुरुष गप बसा म्हणाले, आणि गावातली मोठी माणसं संध्याकाळी बैठक बसवणार होती. "बैठकीच्या आधी पोलिसात लिहून झालं पाहिजे, बाई," माय म्हणाली. "एकदा का तडजोड झाली, मंग आमचं कोणी ऐकत न्हाई." तिला एवढंच हवं होतं. मी पायात चपला अडकवल्या आणि पर्समध्ये पत्रक आहे ना ते पाहिलं.

ठाण्यात अंमलदारानं आधी चहा सांगितला. आमच्याकडे चहा फार जल्दी येतो. मग म्हणाला, "मॅडम, शेत नाल्याच्या अल्याड हाय का पल्याड? पल्याड असंल तर आमची हद्द न्हाई." मग म्हणाला, बाई शिपाई बंदोबस्ताला गेल्यात, मंत्री येऊन राह्यलेत. मग मायकडं वळला. "पोरीचं लगीन व्हायचंय. इचार केला का?"

"इचार करूनच आलोत, साहेब," माय म्हणाली.

मी मोठ्या साहेबांना फोन लावला. "ताई, मी मीटिंगमध्ये आहे, उद्या निवांत बघू." म्हटलं, भाऊ, हाक आज मारलीय. फोन कट. माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं आणि वर्गात धडा वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचायला लागले. कुठल्याही ठाण्यात. हद्दीचं कारण चालणार नाही. अंमलदार म्हणाला, "अहो, हे तर आमचंच पत्रक हाय." म्हटलं, तुमचंच आहे, म्हणूनच वाचून दाखवतेय. तुम्हाला बहुतेक वाटायला दिलं होतं, वाचायला नाही. बाई शिपाई येईपर्यंत मी याच बाकावर बसणार, आणि बसल्या बसल्या तो मागचा फोटो उतरवून घेणार. फोटोचं ऐकून त्याचा हात फोनकडं गेला. तासाभरात बंदोबस्तातली बाई शिपाई हजर. मंत्र्यांचं काही अडलं नाही.

तिनं मात्र नीट काम केलं. आतल्या खोलीत नेऊन पोरीचं सगळं ऐकलं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. बाहेर येऊन विचारलं, "त्या वेळचे कपडे कुठायत?" माय पुढं झाली आणि पिशवीतून कपडे काढून टेबलावर ठेवले. स्वच्छ धुतलेले, घडी घातलेले, इस्त्री फिरवलेले. "सरकारी कामात घाण कपडे कसे आणायचे," माय म्हणाली. "वाणातला साबण ठेवला होता राखून. त्यानंच धुतले सकाळी."

अंमलदारानं माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. "हे बघा, लिहिलंय की इथं. धुऊ नका." मायला म्हणाला, "कार्यक्रमाला आल्त्या ना? मंग ऐकलं न्हाई का?"

"पुढंच बसले होते," ती म्हणाली. "बाईंनी हे काही सांगितलं न्हाई."

तासभर मी त्या माणसाला शब्दांनी सोलत होते. आता तो माझ्याकडं बघत होता आणि मला भिंतीकडं बघायची सोय नव्हती, कारण भिंतीवर मीच हसत होते.

तक्रार बैठकीच्या आधी दाखल झाली, एवढं खरं. पोलिसांच्या जीपनं जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथली नर्स शहाणी होती. धुतलेल्या कपड्यांतही कधीकधी काही सापडतं म्हणाली, ते कागदी पिशवीत घालून मोहर लावली, आणि अंघोळ झाली म्हणून कुणी घाबरायचं नाही असं पोरीला सांगितलं. तपासणीनंतर आम्ही तिघी बाकावर बसलो.

मग माय म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुम्ही इतकं बोलल्या. एवढंच का गाळलं?"

"लाज वाटली," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतंच.

पोरगी माझ्याशी दिवसभरात एक शब्द बोलली नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मलाबी वाटत होती, बाई," ती म्हणाली. "तरी मी आज समदं सांगितलं."