बेपोचा आखडलेला हात

बेपोचा आवाज खर्जातला. हयात होड्यांना डांबर फासण्यात गेली, गळाही त्याच डब्यातून काढलेला. बेटावरच्या सहा गाणाऱ्यांत तो सर्वांत थोरला आणि सर्वांत वाह्यात. वाद्य नाही, कागद नाही. अर्धगोल करायचा, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि गायचं. शेजाऱ्याचा श्वास हाताला कळतो, त्यावरच सगळं चालतं.

मग त्यांच्यातला वरच्या पट्टीचा येर्को शहरात एका पुरुषाचा हात धरून हिंडताना कुणाला तरी दिसला. म्होरक्या वित्स्को म्हणाला, "त्याला राहू दे घरी. आणि आपणही जरा अंतर ठेवू. लोक काय म्हणतील?"

बेपो गप्प बसला. पाचही जण दोरीवरच्या विजारींसारखे सुटे सुटे उभे राहू लागले आणि गाण्याचा पार विचका झाला. चाळीस वर्षं मिठी मारून भेटणारा, सोबत गाणारा लूकासुद्धा आता लांबूनच मान हलवायचा. बेपोला ते फार लागलं.

"येर्कोला घालवलं आणि आम्हीच एकमेकांना परके झालो," तो घरी कुरकुरला.

"मग तेव्हा तोंड का शिवलं होतंस?" बायको टोंका म्हणाली. "एरवी तर गावभर चालतं!"

संत रोकाच्या उत्सवाला चर्चसमोर गाव लोटला. येर्को मागे आईजवळ उभा होता; उद्याच्या बोटीनं तो बेट कायमचं सोडणार होता. वित्स्कोनं सूर दिला. बेपोनं उजवा हात उचलला, शेजारच्या रिकाम्या जागेवर हवेतच धरला आणि तोंड मिटून राहिला.

"सुरू कर की!" वित्स्को दातओठ खात पुटपुटला.

"करतो. खांदा सापडू दे."

"कुणाचा?"

"तू घरी बसवलास त्याचा."

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "बेपोकाका, हात आखडेल!"

"आखडू दे! गाणं झाल्याशिवाय उत्सवाचं जेवण नाही; पाद्रीबाबांना भूक लागली तर येर्कोला हाक मारा." मग तो गर्दीच्या मागे बघत म्हणाला, "येर्को, त्या दिवशी मी गप्प बसलो. चुकलो रे पोरा. ये."

येर्को हलला नाही. बेपोचा उचललेला हात खाली येऊ लागला. तेव्हा लूका पुढे झाला आणि त्यानं बेपोच्या कोपराखाली आपला तळवा धरला. इतक्यात येर्कोच्या आईनं लेकाच्या पाठीत एक धपका घातला.

येर्को हाताखाली येऊन उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला वित्स्कोचाही हात खिशातून निघाला आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर बसला.

सकाळी बोट सुटली तेव्हा येर्को बेपोच्या ओट्यावर बसून त्याचा दंड तेलानं चोळत होता.

"जोर लाव, मेल्या," बेपो कण्हला, "संध्याकाळी पुन्हा गायचंय."