करपे आडनावाची बेकरी

बेकरीवाल्यांचं आडनाव करपे असावं यात हसण्यासारखं काही आहे, हे आत्याला शाळेत जाईपर्यंत ठाऊकच नव्हतं. गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांना घड्याळजी म्हणत, समोरच्या उंच माणसांच्या कुटुंबाला शिडे म्हणत, तसे आपण करपे. पण शाळेच्या पहिल्याच दिवशी हजेरी झाली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी नाक वर करून म्हणालं, "काहीतरी करपतंय बुवा." सगळा वर्ग खो खो हसला. घरी आल्या आल्या तिनं स्वतःच्या बाहीचा वास घेतला. वास होता, पण ताज्या पावाचा.

वडिलांना विचारलं तर ते फळीवरचे पाव पालथे करत म्हणाले, "तुझे पणजोबा भट्टी लावून झोपी गेले. सगळा घाणा कोळसा झाला. तेव्हापासून आपण करपे."

"सगळ्या जन्मात एकदाच झोपले?"

"एकदाच. पण गल्ली जागी होती ना."

गल्लीत ही गोष्ट निरनिराळ्या तिखटमिठासह चालायची. कोणी म्हणे पणजोबा दारू प्यायले होते, कोणी म्हणे नवीनच लग्न झालेलं. घड्याळजींचे म्हातारे वडील तर डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत, आणि त्या वेळी त्यांचाही जन्म झालेला नव्हता. आत्यानं त्या पणजोबांचा फोटो कधी पाहिला नाही, कारण तो काढलेलाच नव्हता. घराण्यात त्यांच्यामागे उरलं होतं ते एवढंच: त्यांची ती एक डुलकी.

आत्याचं स्वतःचं ठेवलेलं नाव मोठं नाजूक होतं. त्याचा अर्थ चांदणं. आजीनं हौसेनं ठेवलेलं. "नाव चांदण्याचं आणि जन्म गेला भट्टीच्या तोंडाशी," असं ती स्वतःच म्हणायची आणि वर हसायची. ते नाव हळूहळू कागदांपुरतं राहिलं. धाकटा भाऊ अचानक गेला, त्याचं पोर हिच्या कडेवर आलं, ते हिला आत्या म्हणू लागलं आणि मग अख्खी गल्लीच आत्या म्हणू लागली. तिच्याहून मोठे असलेले घड्याळजीसुद्धा. मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. माणसं भली, आडनाव तर असं की उच्चारताना तोंडात साखर विरघळावी. मावशी म्हणाली, "बाई गं, निदान या करप्यातून तरी सुटशील." आत्यानं पिठाचे हात झटकले. "मावशी, मला सुटायचं असतं तर मी आधी उकाड्यातून सुटले असते." स्थळ परत गेलं. भट्टी चालू राहिली.

ती भट्टी लाकडाची, जुनी, आणि भारी लहरी. हवा दमट असली की डावीकडे फुरंगटायची, वारा सुटला की मागची भिंत तापायची. म्हणून करप्यांच्या घरी एक पद्धत होती. पहाटे भट्टी पेटली, निखारे बाजूला सारले, की आधी एकच पाव आत जायचा. एकटा. तो खाण्यासाठी नसायचा. तो काळा होईपर्यंत आत ठेवायचा आणि नुसतं बघत राहायचं: कुठल्या अंगानं आधी काळवंडतो, तळ आधी जळतो की माथा. मग त्या हिशेबानं बाकीच्या पावांचे पत्रे लावायचे. रोज एक पाव असा जाणूनबुजून जाळला जाई, म्हणून बाकीचे सोन्यासारखे निघत. जळका पाव मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवला जाई आणि सकाळपर्यंत पाखरं त्याचा फडशा पाडत. पुढच्या बाजूनं पाव घ्यायला येणाऱ्यांना या अंगणाचा पत्ताही नसे.

दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं, पाटी वाचून ओठ दाबून हसलं, की आत्या त्याच्यापुढे एक गरम पाव मधोमध फोडून ठेवायची. वाफ वर जायची. "आडनाव करपे आहे, पाव नव्हे. खाऊन बघा." तो माणूस पुन्हा हसायचा नाही, किंवा हसायचा तो वेगळ्या कारणानं.

नावं ठेवण्यात तर आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक गृहस्थ पावाच्या लादीच्या कडेचेच पाव मागायचे, मधले नकोत. आत्यानं त्यांना 'कडा' म्हणायला सुरुवात केली. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांचा मुलगा झाला कड्यांचा मुलगा, त्यानं सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा लोक सांगू लागले, कड्यांकडे जा. आता त्याची मुलगी शाळेत नाव सांगताना कडे असं आडनाव लावते म्हणे. तिला मधलाच पाव आवडतो. हे कळलं तेव्हा आत्या गल्ल्यावर हात आपटून आपटून हसली. "घ्या! एका पावापायी मी एक घराणं काढलं." मग डोळे पुसत म्हणाली, "आडनाव काय, आपण नाही घेत. समोरचे देतात. आपण नुसतं ओ द्यायचं."

हेच वाक्य पुढे फिरून तिच्यापाशी आलं.

भाचा मोठा झाला. हाताला गुण होता, पीठ नुसतं दाबून त्याला कळायचं किती वेळ अजून. गावाच्या नव्या भागात उंच इमारती झाल्या होत्या, तिथं त्यानं एक गाळा घेतला. विजेची भट्टी आणली, स्टीलची, आकड्यांची चकती असलेली. पाटी रंगवायला नेहमीचा पेंटर आला, स्टुलावर चढला आणि कानामागचा खडू काढून म्हणाला, "मग, करपेच ना? अक्षरं तीच ठेवू?"

भाचा म्हणाला, "नाही. थांबा जरा." आणि त्यानं एक नाव सांगितलं. गोड, गुळगुळीत, साबणालाही चालेल आणि बँकेलाही चालेल असं.

आत्या खुर्चीवर बसली होती. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हे कोणाचं नाव?"

"कोणाचं नाही, आत्या. दुकानाचं."

"आणि आपलं?"

"आपलं आपल्या गल्लीत चालतं. तिथं लोकांना आपले पाव माहीत आहेत. इथं मला कोण ओळखतंय? येणारा जाणारा पहिल्यांदा वाचणार काय, तर करपे. बेकरीवर! तू तरी शिरशील का आत?"

"मी शिरेन. हसायला म्हणून शिरेन आणि पाव घेऊन निघेन."

"सगळी तुझ्यासारखी नसतात."

पेंटर खडू हातात धरून आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. "मी चहा पिऊन येऊ का?"

"बसा तुम्ही," आत्या म्हणाली. मग भाच्याकडे वळून, "लाज वाटते का तुला?"

भाच्यानं पेंटरकडे पाठ केली. मग हळूच म्हणाला, "मला शाळेत कोळसा म्हणायचे. तुला सांगितलं नव्हतं कधी."

आत्याला एकदम मागचा बाक आठवला. बाहीचा वास आठवला. तिच्यामागे हे आडनाव लावणारा हा एकच होता. यानं सोडलं तर ते तिच्याबरोबरच संपणार, आणि पणजोबांच्या हातून झालेली ती एकुलती एक गोष्ट, डुलकी का असेना, तीही संपणार. पण पोराच्या मनाविरुद्ध पाटी लावून पाव विकले जात नाहीत, हेही तिला कळत होतं. ती उठली, पदर खोचला.

"लिही तुला हवं ते. माझी एकच अट आहे. पहिला पाव रोज एकटा जाईल. काळा होईस्तोवर."

"अगं, या भट्टीला आकडे आहेत!"

"आकडे तिच्या कंपनीनं लिहिलेत. ती स्वतः काय म्हणते ते ऐक रोज."

भाचा हसला. "कबूल."

पेंटरनं ते गुळगुळीत नाव निळ्या रंगात काढलं. आत्यानं उद्घाटनाला फार कौतुक केलं, अक्षरांचंसुद्धा. घरी आल्यावर मात्र जुन्या पाटीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, आणि पुसता पुसता बराच वेळ तिथंच उभी राहिली.

त्यानंतर काही महिने तिला तिकडे जायला जमलं नाही. गुडघा दुखत होता आणि इथली भट्टीही सोडता येत नव्हती. भाचा रविवारी यायचा, दुकान छान चाललंय म्हणायचा आणि विषय बदलायचा. तो असा घाईनं का बदलतो, हे तिला उमगत नव्हतं. शेवटी एके सकाळी ती न सांगताच निघाली.

नव्या भागात सगळ्या इमारती एकसारख्या. दोन वळणं घेतल्यावर ती चुकली. एका दारात मशीन मांडून एक शिवणवाली बाई उसवलेली बाही जोडत बसली होती. आत्यानं दुकानाचं निळं नाव सांगून विचारलं, "कुठं आलं हो हे?"

बाईनं दातांनी दोरा तोडला. "असलं काही नाही इथं."

"बेकरी आहे. नवीनच."

"बेकरी? मग करपे म्हणा ना सरळ! पुढच्या कोपऱ्यावर, डावीकडे."

आत्या जागच्या जागी थबकली. "करपे? हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? खिडकीत रोज सकाळी एक करपलेला पाव ठेवलेला असतो. काळाकुट्ट. तो दिसला की समजायचं, गरम पाव लागलीच निघणार. पाटीवर काय आहे कोण वाचतंय. पोरं ओरडतात, 'करपे लागला, करपे लागला', की आम्ही पिशव्या घेऊन निघतो." बाईनं मशीनचं चाक फिरवलं. "आधी आम्हालाही हसू यायचं. पण पाव मात्र, तुम्हाला सांगते, एक नंबर."

आत्याचा गुडघा दुखायचा थांबला होता की काय कोण जाणे, ती कोपऱ्यापर्यंत झपझप गेली.

खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. तिथं, एका बशीत, तो होता. माथा जळलेला, डावं अंग जास्तच. आत भाचा पत्रा ओढत होता. तिला बघताच त्याचे कान लाल झाले.

"आत्या, शपथ घेऊन सांगतो, मी कोणाला एका शब्दानं आपलं आडनाव सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"आपोआप म्हणायला लागले. आधी मी चिडायचो. मग ओ द्यायला लागलो."

"म्हणून रविवारी विषय बदलायचास होय रे?" ती स्टुलावर टेकली. "पण हा खिडकीत का ठेवलास?"

"मग कुठे ठेवू? इथं मागे अंगण कुठे आहे? एक खोली आणि एक खिडकी. गरम असतो, जवळ ठेवला तर पिठाला ऊब लागून ते आधीच फुगतं."

आत्या त्या खिडकीकडे बघत राहिली. जुन्या घरामागचं अंगण आजोबांनी मागाहून घेतलेलं, हे तिनं वडिलांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. त्याआधी पणजोबांकडे काय होतं? एक खोली. आणि गल्लीवर उघडणारी एक खिडकी. रोज पहाटे तिथं काळा पाव दिसायचा, तेव्हा गल्लीनं त्यांना दुसरं काय म्हटलं असतं?

"झोपले नव्हते रे ते," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझे खापरपणजोबा. उगीच इतकी वर्षं म्हाताऱ्याला झोपाळू म्हणालो आपण. सगळ्यांत आधी उठणारा माणूस तो."

भाच्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं खिडकीतल्या पावाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून उगाचच झटकली. "कशावरून पण?"

"कशावरून नाही. पण झोपेची गोष्ट तरी कुठे कोणी पाहिली होती? दोन्हींतली मी ही घेते."

भाचा पत्र्यावरचे पाव मोकळे करू लागला. पाठमोराच म्हणाला, "पेंटरला उद्या बोलावतो. तीच अक्षरं. जुनी."

"तुझ्या मनात असेल तरच."

"माझ्या मनाचं काय घेऊन बसलीस? अख्खा रस्ता म्हणतोय."

तिनं कडेचे चार पाव बांधून घेतले आणि निघाली. वाटेत शिवणवालीच्या दाराशी थांबून एक तिच्या हातावर ठेवला. पाव अजून गरम होता, बाई तो या हातातून त्या हातात करत म्हणाली, "सापडलं ना दुकान? पण तुम्ही त्यांच्या कोण हो?"

आत्यानं पिशवी खांद्यावर नीट घेतली.

"मीही करपेच," ती म्हणाली.